फुटकी, फुटलेली, फोडलेली

राजारामपुरीत पत्ता सांगताना गल्लीचे नाव लागत नाही, क्रमांक पुरतो. पहिली गल्ली, पाचवी गल्ली, नववी गल्ली अशा हिशेबाने कोल्हापूरकर येथे वावरतात. ही वस्ती आपोआप वसलेली नाही, ती वसवलेली आहे, हे त्या क्रमांकांवरूनच कळते. ‘वसलेली’ आणि ‘वसवलेली’ या दोन शब्दांतील एका अक्षराचा फरक पुढे आपल्याला बराच उपयोगी पडणार आहे, म्हणून तो येथेच नोंदवून ठेवतो.

याच राजारामपुरीत आम्ही काही शिक्षक मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा इंग्रजी व्याकरण शिकवतो. मध्यंतरी परीक्षेच्या तयारीच्या एका पुस्तकातील प्रयोगबदलाचा स्वाध्याय चालू होता. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ हे वाक्य दिलेले होते आणि मागे उत्तर छापले होते, ‘समबडी ब्रोक द विंडो’. एक विद्यार्थिनी उभी राहिली. तिने आधी माफी मागितली, “सर, माझी इंग्रजी मोडकीतोडकी आहे,” आणि मग विचारले, “पण खिडकी कुणी फोडली असे या वाक्यात आहे कुठे? ती आधीपासूनच फुटकी असेल तर?” आमच्यापैकी एकाने नियम सांगितला: ‘वॉज’च्या पुढे क्रियापदाचे तिसरे रूप आले की पॅसिव्ह व्हॉइस समजायचा. नियम सांगून झाला आणि प्रश्न होता तिथेच राहिला. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना आम्हांस जे सापडले ते येथे मांडत आहोत.

विद्यार्थिनीचा प्रश्न वस्तुतः जुना आहे. इंग्रजीतील ‘ब्रोकन’, ‘क्लोज्ड’, ‘टायर्ड’ यांसारखी रूपे केव्हा धातुसाधिते म्हणून घ्यायची आणि केव्हा निव्वळ विशेषणे म्हणून, यावर युरोपीय वैयाकरणांनी दीर्घकाळ डोके खाजवले आहे. आमच्या मते या प्रश्नाचा गाभा असा: शब्दाच्या पोटात जी कृती आहे ती भाषेला अजून आठवते का? आठवत असेल तर तो शब्द क्रियापदाच्या घरचा. विसरली असेल, आणि उरला असेल तो केवळ वस्तूचा गुण, तर तो विशेषणाच्या घरचा. हा प्रश्न इंग्रजीत जितका अडतो तितका मराठीत अडत नाही, आणि तरीही आपण तो इंग्रजीच्या चष्म्यातूनच पाहत आलो, याचाही एक इतिहास आहे.

*

आधी इंग्रजीचे पाहू. ‘द बॉईज हॅव ब्रोकन द विंडो’ यात ‘ब्रोकन’ हे उघडच क्रियापदाचे अंग आहे. ‘द विंडो वॉज ब्रोकन बाय द बॉईज’ यातही कृती आणि तिचा कर्ता दोन्ही हजर आहेत. परंतु ‘द विंडो वॉज ब्रोकन व्हेन वी टुक द हाउस’ असे म्हटले की कृती मागे पडते. घर घेतले तेव्हा खिडकी कशी होती, एवढेच सांगायचे असते. तिन्ही ठिकाणी रूप एकच, कामे मात्र निराळी.

ही कामे वेगळी काढण्यासाठी व्याकरणाच्या पुस्तकांत काही कसोट्या दिलेल्या असतात. ‘बाय’ने कर्ता जोडता आला तर ते धातुसाधित. ‘वॉज’च्या जागी ‘सीम्ड’ चालले तर विशेषण, कारण ‘द चाइल्ड सीम्ड फ्राइटन्ड’ असे म्हणता येते. परंतु ‘द लेटर सीम्ड पोस्टेड बाय माय ब्रदर’ असे कोणी म्हणत नाही. आधी ‘व्हेरी’ लावता आले तर विशेषण. नकारदर्शक ‘अन’ लावता आले आणि तसे क्रियापद भाषेत नसेल तरीही विशेषण: ‘अनइन्व्हायटेड’ हा शब्द आहे, परंतु ‘न बोलावण्याची क्रिया करणे’ या अर्थाचे ‘अनइन्व्हाइट’ हे क्रियापद चालत नाही. १९७७ मध्ये टॉमस वासो या भाषावैज्ञानिकाने याच धर्तीच्या पुराव्यांवरून मांडले की इंग्रजीतील विशेषणात्मक कर्मणी रूपे शब्दकोशाच्या पातळीवर घडतात आणि क्रियात्मक कर्मणी रूपे वाक्यरचनेच्या पातळीवर.

कसोट्या उपयोगी आहेत, परंतु एकही निर्णायक नाही. ‘व्हेरी’चेच पाहा. ‘प्लीज्ड’ या शब्दाआधी ‘व्हेरी’ लावावे की ‘मच’, हा इंग्रजी जाणकारांत एकेकाळी वादाचा विषय होता, आणि फाउलरने आपल्या १९२६ च्या प्रयोगकोशात त्याचा विचार केलेला आहे. आज ‘व्हेरी प्लीज्ड’ कोणालाही खटकत नाही. म्हणजे जो शब्द पूर्वी धातुसाधित वाटत असे, तो विशेषणाच्या बाजूला सरकला. दुसरीकडे ‘व्हेरी सरप्राइज्ड बाय हिज आन्सर’ यात ‘व्हेरी’ विशेषणाची साक्ष देते, ‘बाय’ धातुसाधिताची, आणि दोन्ही एकाच वाक्यात सुखाने नांदतात. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या आपल्या बृहद्व्याकरणात या दोन टोकांच्या मध्ये एक उतरंड मानली, ती यामुळेच.

इंग्रजीत कधीकाळी हा भेद रूपानेही दाखवला जाई, याच्या खुणा मात्र शिल्लक आहेत. ‘संक’ आणि ‘संकन’, ‘श्रंक’ आणि ‘श्रंकन’, ‘मेल्टेड’ आणि ‘मोल्टन’ या जोड्या पाहाव्यात. जहाज ‘हॅज संक’, परंतु गाल ‘संकन’. लोणी ‘मेल्टेड’, परंतु लाव्हा ‘मोल्टन’. ‘लर्न्ड’ हे क्रियापद एका अवयवात उच्चारले जाते. विद्वान माणूस मात्र दोन अवयवांचा ‘लर्निड’ असतो. जुने रूप विशेषणात गोठले आणि क्रियापदाने नवे रूप घेतले. ही गोठण्याची क्रिया ध्यानात ठेवावी, कारण आपल्याकडे नेमके हेच घडले आहे, आणि ते कितीतरी पद्धतशीरपणे.

*

पाणिनीच्या व्यवस्थेत विशेषण असा स्वतंत्र शब्दवर्ग नाही. पद एक तर सुबन्त असते किंवा तिङन्त. धातूला ‘क्त’ प्रत्यय लागून झालेली गत, कृत, भुक्त ही रूपे विभक्ती घेतात, म्हणून ती सुबन्त. पण ती धातूपासून निघालेली, म्हणून कृदन्त. दोन्ही नाती एकदम मान्य केलेली असल्यामुळे ‘हे विशेषण की धातुसाधित’ असा पेच तेथे पडत नाही. ग्रीकांनीही प्रारंभी पेच टाळला होता. थ्रॅक्सच्या व्याकरणात धातुसाधित हा आठ शब्दजातींपैकी एक स्वतंत्र वर्ग आहे, आणि त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच ‘वाटेकरी’, नामाचा आणि क्रियापदाचा दोन्हींचा वाटेकरी. लॅटिन वैयाकरणांनी ते नाव भाषांतरित केले आणि तेच इंग्रजीत पार्टिसिपल झाले.

पाणिनीने क्त-रूपांचे काही अपवादही नोंदले आहेत, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने ते फार बोलके आहेत. पच् धातूला हा प्रत्यय लागला की त्यातील तकाराचा वकार होतो व ‘पक्व’ हे रूप मिळते. शुष् धातूनंतर तकाराचा ककार होतो व ‘शुष्क’ मिळते. आज ‘शुष्क’ शब्द उच्चारताना कोणाला सुकण्याची क्रिया आठवते? शुष्क विनोद कोणी वाळत घातलेला नसतो. प्राकृतातून येता येता ‘पक्व’चे ‘पक्का’ झाले आणि ‘शुष्क’चे ‘सुका’. पक्क्या रस्त्याचा शिजण्याशी संबंध उरला नाही. हीच गोष्ट आपल्याकडे फारसीच्या वाटेनेही आली. ‘पोक्त’ माणूस हा मुळात ‘पुख्ता’, म्हणजे शिजलेला, पिकलेला. लग्नाचा ‘बस्ता’ म्हणजे मुळात बांधलेला. आपण तो पुन्हा ‘बांधतो’, कारण शब्दातील बांधणे आपण विसरलो आहोत. फारसी-मराठी कोशाचे कर्ते माधव जूलियन हे कोल्हापुरात राजाराम कॉलेजात अध्यापक होते, आणि अशा शब्दांची कुळी शोधण्याची गोडी त्यांच्या पिढीने मराठी वाचकाला लावली.

जुनी कृदन्ते अशी गुणवाचक होत गेल्यावर कृती सांगायला नवी रूपे लागणारच. मराठीत ‘गत’सारख्या रूपांची झीज झाली आणि तिला प्राकृतातील ‘इल्ल’सारख्या प्रत्ययाची जोड मिळून गेला, केला, आला ही लान्त रूपे घडली, असे अभ्यासक सामान्यतः मानतात. म्हणजे मराठीचा साधा भूतकाळ हा जन्माने धातुसाधितच आहे. त्याची साक्ष लिंगवचनांत सापडते. ‘तो गेला’, ‘ती गेली’ यात रूप कर्त्याप्रमाणे बदलते. ‘त्याने आंबा खाल्ला’, ‘त्याने पोळी खाल्ली’ यात कर्माप्रमाणे. क्रियापद असे विशेषणासारखे का वागते, याचे उत्तर संस्कृतात आहे. गत्यर्थक आणि अकर्मक धातूंना लागलेला क्त कर्त्याचे वर्णन करू शकतो, सकर्मक धातूंचा क्त कर्माचे. विशेषण क्रियापदाच्या खुर्चीवर येऊन बसले, पण सवयी जुन्याच राहिल्या.

जुन्या मराठीत हे लान्त रूप नामापूर्वी विशेषण म्हणूनही सर्रास येई. आजही ‘गेल्या वर्षी’, ‘दिल्या शब्दाला जागणे’, ‘आल्या पाहुण्याला पाणी देणे’ अशा ठरीव प्रयोगांत ते टिकून आहे. परंतु हे रूप जसजसे भूतकाळाच्या कामात गुंतले तसतसे विशेषणाचे काम रिकामे पडू लागले. हिंदीने अशा वेळी ‘हुआ’ची मदत घेतली आणि ‘टूटा हुआ’ असे म्हटले. मराठीने लकारालाच पुन्हा ल जोडून ‘तुटलेला’, ‘गेलेला’, ‘दिलेला’ ही नवी धातुसाधिते घडवली. आणि त्याच्याही पलीकडे, गुण सांगण्यासाठी, ‘तुटका’, ‘मोडका’, ‘फाटका’, ‘फुटका’ अशी कान्त विशेषणे आपल्याजवळ आहेतच.

आता त्या खिडकीकडे वळू. ‘खिडकी फुटली’ ही घटना. ‘खिडकी फुटलेली होती’ ही घटनेनंतरची स्थिती. फुटणे अजून आठवते आहे. ‘खिडकी फुटकी होती’ हा गुण. ती केव्हा फुटली याच्याशी बोलणाऱ्याला कर्तव्य नाही. फुटक्या कवडीला तर फुटण्याचा इतिहासच नसतो, असते ती केवळ किंमत. याखेरीज ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’ हे दोन धातू मराठीत वेगळे असल्यामुळे ‘फुटलेली’ आणि ‘फोडलेली’ हाही भेद होतो. फोडलेल्या खिडकीमागे कोणाचा तरी हात आहे; फुटलेल्या खिडकीमागे तो असेल किंवा वाराही असेल. तुटलेली-तोडलेली, पडलेली-पाडलेली, वसलेली-वसवलेली, अशी ही मालिका लांबच लांब आहे. इंग्रजीत एका ‘ब्रोकन’च्या पोटात जे सारे कोंबलेले आहे, ते मराठीत आधीच वेगवेगळ्या खणांत लावून ठेवलेले असते. आमच्या विद्यार्थिनीला प्रश्न पडला तो याचमुळे. तिच्या मनात चार मराठी शब्द होते आणि पुस्तकाने तिच्यापुढे एकच नियम ठेवला होता.

*

मग आपल्या शालेय व्याकरणाने ही सोय इंग्रजी शिकवताना का वापरली नाही? त्याचे उत्तर १९ व्या शतकात शोधावे लागते. मराठीची पहिली छापील व्याकरणे परकीयांसाठी लिहिली गेली. विल्यम केरीचे १८०५ मध्ये श्रीरामपूरहून निघालेले व्याकरण त्यांतले आरंभीचे. मराठी मुलांसाठी मराठीतून लिहिलेल्या व्याकरणाचा पाया घातला तो दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी, १८३६ च्या ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ या ग्रंथाने. दादोबांसमोर एका हाताला संस्कृत परंपरा होती आणि दुसऱ्या हाताला इंग्रजी शाळांतून रूढ असलेली व्याकरणे, विशेषतः लिंड्ले मरेचे १७९५ चे. मरेने धातुसाधिताचा स्वतंत्र वर्ग मोडून ते क्रियापदाच्या प्रकरणात घातले होते. शब्दजातींची ती चौकट मराठीत आली तेव्हा ‘नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद’ असे खण तयार झाले, आणि धातुसाधिते मात्र या खणांतून त्या खणांत फिरत राहिली. हा दोष दादोबांचा म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या भाषेला शालेय व्याकरण नव्हते तिला त्यांनी ते दिले, आणि पुढील सर्व वाद त्यांच्याच अंगणात झाले.

त्यांतला सर्वांत गाजलेला वाद प्रयोगांचा. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य कर्तरी की कर्मणी? इंग्रजी डोळ्यांना ते कर्तरी दिसते, कारण भाषांतर ‘राम एट अ मँगो’. संस्कृत डोळ्यांना ते कर्मणी दिसते, कारण कर्ता तृतीयेत आणि रूप कर्माच्या लिंगवचनाचे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठी व्याकरणावर जे निबंध लिहिले आणि जे त्यांच्या पश्चात १८९३ मध्ये पुस्तकरूपाने आले, त्यांत प्रयोगविचाराला मराठीच्या अंगाने वळण मिळाले. १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ निघाले. केशवसुतांच्या या धाकट्या बंधूंनी धातुसाधितांचा आणि प्रयोगांचा जो विस्तृत ऊहापोह केला, त्याला अजूनही पर्याय नाही, कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी १९७० मध्ये त्याची साक्षेपी आवृत्ती काढली तीही याच कारणाने.

परंतु शाळेच्या वर्गात पोहोचली ती या चर्चेची केवळ नावे. मराठीच्या तासाला ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीच्या तासाला त्याचेच भाषांतर ॲक्टिव्ह व्हॉइस. पॅसिव्ह व्हॉइससाठी ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ अशी रचना पाठ करून घेतली जाते. आपल्या व्याकरणकारांनी तिला ‘नवीन कर्मणी’ असे नाव दिले, ते ती इंग्रजीच्या छायेत वाढली म्हणूनच. परिणाम असा की ‘ब्रोकन’ दिसले की विद्यार्थी ‘फोडली गेली’ एवढेच म्हणू शकतो. ‘फुटकी’, ‘फुटलेली’ हे घरचे शब्द त्याला आठवतात, पण ते उत्तरपत्रिकेत लिहिण्याजोगे वाटत नाहीत. जे पुस्तक अनेक पिढ्यांच्या हाती राहिले त्या रेन आणि मार्टिनच्या व्याकरणातही धातुसाधितांचे विशेषण म्हणून होणारे उपयोग दिलेले आहेत. परंतु प्रयोगबदल हा गुणांचा प्रश्न, आणि गुण रूपांतराला मिळतात, अर्थाला नव्हे.

*

खिडकीच्या बाबतीत ही चूक क्षुल्लक म्हणून सोडून देता येईल. खिडकीला नाव कसले दिले याने तिचे काही बिघडत नाही. माणसांच्या समूहांना नावे देताना मात्र हाच व्याकरणप्रश्न फार निराळे रूप धारण करतो, आणि त्याची उदाहरणे शोधायला कोल्हापूर सोडून दूर जावे लागत नाही.

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. इंग्रजीत या वर्गांना ‘बॅकवर्ड’ म्हणत, म्हणजे निखळ विशेषण. मराठीतील ‘मागासलेले’ हे धातुसाधित आहे, परंतु ‘मागासणे’ हे अकर्मक क्रियापद. त्यात मागे पडणाऱ्याची क्रिया आहे, मागे पाडणाऱ्याची नाही. ‘मागासवणे’ असे क्रियापद मराठीने घडवलेच नाही, आणि म्हणून ‘मागासवलेले’ हा शब्दही आपल्या तोंडी कधी आला नाही. पुढे तर ‘मागासलेले’चे ‘मागास’ आणि ‘मागासवर्गीय’ झाले. उरलीसुरली क्रियाही गेली आणि गुण तेवढा राहिला. हुकूम काढणाऱ्या राजाला मागे पाडणारा हात दिसत होता, नाही तर तो हुकूमच निघाला नसता. शब्दाला मात्र तो दिसला नाही.

त्याच काळी इंग्रजी कारभारात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हा शब्द रूढ होत होता. येथे आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. ‘डिप्रेस्ड’ हे विशेषण की धातुसाधित? म्हणजे मराठीत सांगायचे तर हे वर्ग दबलेले की दाबलेले? इंग्रजी शब्द उत्तर देत नाही. दोन्ही अर्थांना वाव ठेवून तो मोकळा राहतो, आणि राज्यकर्त्यांना तसा शब्द सोयीचा असतो. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले, तेव्हा त्याचे मराठी नाव ‘निराश्रित साहाय्यकारी मंडळी’ असे झाले. ‘निराश्रित’ म्हणजे ज्याला आश्रय नाही तो. शिंद्यांच्या कार्याची थोरवी या नावाने कमी होत नाही, परंतु इंग्रजी शब्दात निदान शक्यता म्हणून असलेला दाबणारा हात मराठी नावात दिसत नाही, हे नोंदवले पाहिजे. आणि ‘अस्पृश्य’ हा शब्द तर व्याकरणदृष्ट्या याहून पुढचा. तो क्त-प्रत्ययान्त नाही, कृत्यप्रत्ययान्त आहे. ‘स्पृश्य’ म्हणजे स्पर्श करण्याजोगा, ‘अस्पृश्य’ म्हणजे तसा नसलेला. कोणी एकाने दुसऱ्याला शिवायचे नाही असे ठरवले, ही घटना. शब्दाने ती घटना पुसून तिचे रूपांतर ज्याला शिवायचे नाही त्याच्या गुणात केले.

या पार्श्वभूमीवर मार्च १९२० मध्ये माणगावला भरलेल्या परिषदेकडे पाहावे. आजच्या हातकणंगले तालुक्यातील या गावी २१ आणि २२ मार्चला परिषद झाली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते आणि शाहू महाराज स्वतः उपस्थित होते. ती परिषद बहिष्कृत वर्गाची म्हणून ओळखली जाते. १९२४ मध्ये आंबेडकरांनी ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापली आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ हे पत्र सुरू केले. ‘बहिष्कृत’ हे क्त-रूप आहे, सकर्मक धातूचे, कर्माचे वर्णन करणारे. बाहेर असलेला असा त्याचा अर्थ नाही. बाहेर केलेला असा आहे. आणि केलेला म्हटले की ‘कोणी केला’ हा प्रश्न वाक्यात आपोआप येतो. एकाच माणसाला ‘अस्पृश्य’ म्हणणे आणि ‘बहिष्कृत’ म्हणणे यांत, व्याकरणाच्या भाषेत, विशेषण आणि धातुसाधित एवढाच फरक आहे. इतिहासाच्या भाषेत तो आरोपी पिंजऱ्यात उभा करण्याइतका आहे.

‘दलित’ शब्दाची कथाही याच वाटेने जाते. हेही क्त-रूपच. दल् या धातूत फुटणे आणि फोडणे हे दोन्ही अर्थ संभवतात, म्हणजे ‘ब्रोकन’सारखाच हा शब्द मुळात संदिग्ध. आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यांच्या उगमाची जी उपपत्ती मांडली, तीत ‘ब्रोकन मेन’ ही संज्ञा येते; पराभूत टोळ्यांपासून तुटून गावाच्या वेशीबाहेर राहिलेली माणसे, असा तिचा आशय. येथे ‘ब्रोकन’चे मराठी ‘मोडकी’ होऊ शकत नाही, ‘तुटलेली’च करावे लागते. त्या ग्रंथाच्या पूर्ण नावातच हे लोक कोण होते आणि ते अस्पृश्य का झाले, असे दोन प्रश्न आहेत. दुसरा प्रश्न म्हणजे विशेषणाला पुन्हा क्रियापदात नेण्याचा प्रयत्न होय. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, आणि या काळात मूळची संदिग्धता मिटून ‘दलित’ हा शब्द निःसंशय ‘दळलेला, चिरडलेला’ या सकर्मक अर्थी स्थिरावला. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने नव्हे, तो वापरणाऱ्यांनी ठरवला.

आज साहित्याच्या वर्गात ‘ग्रामीण, दलित, स्त्रीवादी’ अशी प्रवाहांची यादी फळ्यावर लिहिताना आपण ‘दलित’ हे ‘ग्रामीण’सारखेच एक विशेषण म्हणून लिहितो. सुका, पक्का यांचे जे झाले तेच याचेही होऊ पाहत आहे. भाषेचा तो स्वभावच आहे, त्याला कोणी अडवू शकत नाही. परंतु शिक्षकाने यादी लिहिताना क्षणभर थांबून त्या शब्दातील क्त-प्रत्यय विद्यार्थ्यांना दाखवावा, एवढे मात्र त्याच्या हाती आहे.

*

पुढच्या आठवड्यात आम्ही तेच वाक्य पुन्हा फळ्यावर लिहिले आणि त्याखाली ‘फुटली’, ‘फुटलेली’, ‘फोडलेली’, ‘फुटकी’ असे चार शब्द लिहिले. ‘द विंडो वॉज ब्रोकन’चे भाषांतर यांपैकी कोणते, असे विचारल्यावर वर्गाने स्वतःहून प्रतिप्रश्न केला की त्याच्या आधीचे आणि नंतरचे वाक्य कोणते? हेच या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. एकट्या वाक्याला ते नाही. ‘बाय’, ‘सीम’, ‘व्हेरी’ या कसोट्या त्यानंतर शिकवल्या आणि त्या फारशा समजावून द्याव्या लागल्या नाहीत. प्रत्येक कसोटी कोणत्या मराठी शब्दाकडे बोट दाखवते ते मुलांनीच जुळवले. परीक्षेत पुस्तकातलेच उत्तर लिहावे लागेल, हेही आम्ही सांगितले, कारण ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे झाले असते.

त्या विद्यार्थिनीला मात्र आम्ही एक गोष्ट वेगळी सांगितली. आपल्या इंग्रजीला ‘मोडकीतोडकी’ म्हणण्याचा तिचा जो प्रघात आहे, तो शब्द कान्त आहे. इंग्रजही ‘ब्रोकन इंग्लिश’ म्हणतात तेव्हा ते विशेषणच वापरतात. ती कोणी मोडली असे कोणी विचारत नाही. भाषा मोडकी आहे असे म्हटले की दोष बोलणाऱ्याच्या अंगचा ठरतो. ज्या मुलीने छापील उत्तरातील चूक एका वाचनात हेरली, तिच्या भाषेला आमच्या मते दुसरा शब्द योग्य होता, आणि तो लान्त होता: तिची इंग्रजी अर्धवट शिकवलेली आहे. शिकवणारे आम्हीच होतो, हे त्या शब्दात आपोआप आले.